गाडी मिसिंग करून राह्यली

मोहगुडा,
२ डिसेंबर

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम.

आम्ही इथे ठीक आहोत, तूही असशील. हैदराबादेत स्वेटर लागत नाही असं तू आईला सांगितलंस म्हणे. इथे सकाळी पोरं वर्गात बसत नाहीत, भिंतीच्या उन्हाला चिकटून बसतात, आणि मीही त्यांना तिथेच पाढे म्हणायला लावते. धुरपताबाई खिचडीचं पातेलं चढवून जाळावर हात धरते. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते ती. साक्षीला तिचा फार लळा आहे. शाळा सुटली की पोरगी आईआधी तिच्याकडे पळते.

फोन करणार होते, पण टॉवर मिळतो तो टेकडावर, आणि तिथे नेहमी चारपाच जण आपापल्या माणसांशी ओरडून बोलत उभे असतात. तिथून घरचं काही बोलता येत नाही. म्हणून कागद घेतला. आज तर गाडीचंच विचारायचं आहे.

तू हैदराबादला जाताना “ताई, ठेव, पावसात कामी येईल,” म्हणून किल्ली दिली होतीस. गाडी जुनी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण दिवाळीपासून ती नवीनच काहीतरी करते. घरून निघते तेव्हा छान चालते. जंगलातून बराच रस्ता कापला, नाल्याचं वळण आलं, की मागून कुणी ओढल्यासारखा हिसका देते. मग दुसरा. मग इंजिन लंगडायला लागतं, मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तसं, फटफट आवाज येतो, ऍक्सिलरेटर दाबला तर जास्तच मरगळते. कधी तशीच रखडत आलापल्लीला पोहोचते, कधी वाटेतच आपोआप सुधारते.

आलापल्लीत लच्छूभाऊंचं गॅरेज आहे. त्यांच्याकडे नेलं की ती शहाण्या पोरीसारखी उभी राहते. त्यांच्याकडे गर्दी असते, आपला नंबर येईस्तोवर बसावं लागतं. मग ते बोनेट उघडतात, चालू करतात, कान देतात, आणि म्हणतात, “बाई, मिसिंग कुठी आहे? मले तर काई दिसून नाई राह्यलं.” तरी त्यांनी प्लग बदलले, पेट्रोलची टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. परतताना गाडी बरी चालली. पुढच्या खेपेला नाल्याशी पुन्हा तेच.

तुझ्याकडे असताना हिने कधी असं केलं होतं का? नीट आठव. कुणी काही बदललं होतं का?

बाइकवर जा म्हणशील. साक्षीला घेऊन बाइकवर जात नाही मी. थंड वारा लागला की तिचं अंग दुखतं. आणि महिन्यातून एकदोनदा तरी गडचिरोलीला जावं लागतं, कामं असतात. एसटीचा भरवसा नाही. शिवाय मागच्या महिन्यात त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला सरपणाला गेलेल्या एका बाईला वाघाने नेलं. वनखात्याने तिथे लाल पाटी लावली आहे. गाडी तिथे आचके द्यायला लागली की माझ्या हातांना घाम सुटतो, स्टिअरिंग ओलं होतं.

प्रियाच्या साड्यांचे फोटो आईने पाठवले. आंबा कलर छान आहे. फेब्रुवारीत तुमच्या लग्नाला मी आठ दिवस रजा टाकणार आहे. साक्षी थोडी बारीक झाली आहे, पण आईला तसं बोलू नकोस, ती उगाच काळजी करते.

तुझी,
ताई


गडचिरोली,
१९ डिसेंबर

प्रिय राजू,

जय भीम. तू धुरपताबाईच्या भावाच्या मोबाइलवर फोन केलास, ‘इंजिनातला पेट्रोलचा पंप बघ, नाहीतर गाडी विकून टाक’ म्हणालास, तो निरोप पोहोचला. मी हे पत्र गडचिरोलीहून लिहिते आहे, दवाखान्यातून. साक्षी पलंगावर झोपली आहे. आता बरी आहे. आधी हे वाच आणि मगच पुढचं वाच: ती आता बरी आहे.

सोमवारी दुपारी ती वर्गात पोटऱ्या धरून बसली. मी तिला ऑफिसच्या खोलीत निजवलं, गरम पाण्याची पिशवी दिली, डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली. दुखणं मांड्यांत चढलं, मग पाठीत. मग ती म्हणाली, “मम्मी, श्वास घेतला की टोचते.” छातीत दुखलं तर एक क्षण थांबायचं नाही, असं मला बजावून ठेवलेलं होतं. गावातल्या एकाला टेकडावर पळवून अँब्युलन्सला फोन करायला लावला. ती दुसऱ्या गावी बाळंतिणीला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मी गाडी काढली. धुरपताबाई काही न विचारता मागे बसली आणि साक्षीचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

नाल्याच्या वळणाआधीच पहिला हिसका बसला. मी गाडीशी बोलायला लागले, राजू. वेड्यासारखी. चल, चल, एवढं वळण चल. वळणावर ती फटफटली आणि बंद पडली. लाल पाटी खिडकीतून दिसत होती. किल्ली फिरवत होते, इंजिन नुसतं घरघरत होतं, पकडत नव्हतं. बोनेट उघडावं म्हणून दाराला हात घातला, तर वरच्या सागांत वानरं खेकसायला लागली. एक, मग सगळीच. धुरपताबाई अगदी हळू म्हणाली, “बाई, दार नका उघडू. काच वर घ्या.”

“काय आहे?”

“मले काय माहीत. पन ते उगाच नाई ओरडत.”

मी काच वर घेतली. आत साक्षीच्या कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. ती मोठ्याने रडत नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. दर श्वासाला तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा, आणि मी पुढचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसले होते. बाहेर झुडपात काही हललं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. आम्ही वाघ पाहिला नाही. किती वेळ बसलो तेही सांगता येणार नाही. धुरपताबाई माडिया बोलीत साक्षीशी काहीतरी पुटपुटत होती आणि तिचे पाय चोळत होती. एकदा मला म्हणाली, “बाई, रडू नका. ते पायते तुमच्याकडे.” मी आरशात पाहिलं. साक्षी खरंच आरशातून माझ्याकडे बघत होती.

मग काहीच सुचेना म्हणून पुन्हा किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, राजू. एका झटक्यात, जणू काही झालंच नव्हतं. आलापल्लीपर्यंत नीट चालली. तिथून सरकारी गाडीने आम्हाला इकडे आणलं. ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

आता तू विचारशील, गोळी आधीपासून कशी होती, छातीचं कुणी बजावलं होतं, आणि मी दर महिन्याला गडचिरोलीला कशाला जाते. चंद्रपूर सोडून इकडे का येते, तेही विचारशील. तिथे आईच्या दारावरून जावं लागू नये म्हणून.

साक्षीला सिकलसेल आहे.

पावसाळ्यात या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं पथक शाळेत आलं होतं. पोरं सुईला घाबरून झाडामागे लपली. त्यांना धीर यावा म्हणून मी आधी साक्षीला पुढे केलं. म्हटलं, बघा, बाईंची पोरगी रडते का. ती रडली नाही, बोट पुढे करून हसली. सगळी पोरं मग रांगेत आली. दोन आठवड्यांनी तिच्या रक्ताची पक्की तपासणी आली. आमची दोघांचीही केली. प्रफुलच्या रक्तात अर्धा दोष आहे आणि माझ्याही. आम्हाला दोघांना काही होत नाही, पण दोघांचा मिळून तिच्या वाट्याला पूर्ण आला. वर्षानुवर्षं ‘वाढीचं दुखणं’ म्हणत मी तिला तेल चोळत होते.

प्रफुलला घुग्घुसहून बोलावलं आहे. सिमेंटच्या कारखान्यात त्याची शिफ्ट असते, बदली माणूस मिळाला की निघेल. त्याचंच म्हणणं होतं की तुझं लग्न होईस्तोवर कुणाला सांगायला नको. मलाही ते पटलं होतं. आईला सांगू नकोस.

नर्स आली आहे. थांबते.

ताई


दुर्गापूर, चंद्रपूर,
५ जानेवारी

प्रिय राजू,

जय भीम. पत्ता बघून कळलं असेल, मी आईकडे आहे. साक्षी अंगणात ऊन खाते आहे. आई समोर तांदूळ निवडते आहे आणि मी काय लिहिते ते मधूनमधून बघते.

इथून फोन लागतो, तरी पत्र लिहिते. फोनवर तू ‘बरं ताई, पाहतो’ म्हणशील आणि ठेवशील. ह्या आठवड्यात दोनदा तसं झालं. तुला राग आला आहे की भीती वाटते आहे, ते तुझ्या आवाजावरून कळत नाही.

आधी गाडीचं सांगते. ते सोपं आहे.

दवाखान्यातून परतल्यावर प्रफुल आणि मी आलापल्लीला गाडी घ्यायला गेलो. लच्छूभाऊंनी चालू करून दाखवली. म्हणाले, “पहा ना बाई, माझ्या दारात तर चांगली चालून राह्यली.”

मी म्हटलं, “भाऊ, तुमच्या दारात ती नेहमीच चांगली चालते. तुम्ही नाल्याच्या वळणावर चला.”

ते प्रफुलकडे बघायला लागले. “तिथी? वाघाची जागा हाय ते.”

“म्हणून तर. माझी पोरगी तिथे अडकली होती.”

त्यांनी हात पुसले आणि पान्यांची पिशवी उचलली.

दवाखान्यात पलंगाशी बसून मी एकच विचार करत होते: थांबल्यावर ती सुरू का झाली? आम्ही तर हात लावला नव्हता. आधीच्या खेपा आठवल्या. सडकेच्या कामामुळे मध्ये थांबावं लागलं त्या दिवशी तिने काही केलं नव्हतं. लच्छूभाऊंकडे नंबर येईस्तोवर ती उभी असायची. म्हणजे बिघाड नाल्यापाशी नव्हता. इंजिन पुरतं गरम व्हायला घरापासूनचा तेवढा चढाचा रस्ता लागत होता, परतताना उतार म्हणून ते तसं तापत नव्हतं. वाटेत मी हे सांगितलं, तेव्हा लच्छूभाऊ म्हणाले, “हे मले पहिलेच सांगतलं असतं तर टाकी कायले धुतली असती मी?” मग म्हणाले, “गरम हून बिघडणारी चीज म्हणजे एक तर पंप, नाई तर प्लगले करंट देनारी कॉईल. बाकीचं तसं नाई करत.”

आम्ही मोहगुड्यापर्यंत गेलो आणि बंद न करता तशीच गाडी फिरवली. वळणाशी हिसका बसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गाडी बंद पडली. प्रफुल काठी घेऊन जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. त्याला काठीचा काय उपयोग होता कोण जाणे. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. लच्छूभाऊंच्या हातून पाना दोनदा खाली पडला. मी फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पिळून दिलं. त्यांनी ते पंपावर धरलं, मी किल्ली फिरवली. नुसती घरघर. मग पुन्हा भिजवून दिलं, ते त्यांनी कॉईलवर ठेवलं. वाफ निघाली. फडकं गरम झालं की मी ते पुन्हा थंड पाण्यातून काढायची. इंजिन अजून तापलेलंच होतं, हात लावता येत नव्हता. फक्त ती एक वस्तू गार केली होती.

“मारा सेल्फ, बाई,” ते म्हणाले.

गाडी सुरू झाली. नीट, एका आवाजात.

“सापडली,” लच्छूभाऊ म्हणाले, आणि बोनेट लावून आमच्याआधी गाडीत जाऊन बसले.

दुसरी कॉईल चंद्रपूरहून आणून बसवली. गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने इथे आलो, गाडीने एकदाही हिसका दिला नाही. मी मात्र वळण गेल्यावर बऱ्याच पुढे येऊन श्वास सोडला. ती भीती काही कॉईलबरोबर निघाली नाही.

त्या दिवशी वळणावरून निघाल्यावर प्रफुलने काठी मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाला, “तू इथी एकटी बसली होती. पोरीले घेऊन.” थोड्या वेळाने म्हणाला, “आईकडे जाऊ. लपवून काय मिळवलं आपण?”

आता आईचं.

पोहोचलो त्याच संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात सांगितलं. तिने भाकरी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि खाली बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “दुखणं थंडीत जास्त होते का तिचं?”

“हो.”

“डोळे पिवळे दिसते?”

“कधीकधी.”

“अंकुशचे बी दिसत.”

राजू, अंकुश गेला तेव्हा तू पाळण्यात होतास. आपल्या मोठ्या भावाचा फोटो तू भिंतीवरच पाहिला आहेस. मलाही फार आठवत नाही. तो वाताने गेला असंच आपल्याला सांगितलं होतं. आईने त्या संध्याकाळी जे सांगितलं ते बाबा होते तोवर तिने त्यांनाही सांगितलं नव्हतं. तो हातपाय दुखतात म्हणून शाळेत जायला नाही म्हणायचा. बाबा पॉवर स्टेशनच्या ड्युटीवर जायचे, घरात ती एकटी, मांडीवर तू. ती म्हणाली, “मले वाटे तो नाटक करते. शेवटच्या दिवशी बी म्या त्याले हात धरून शाळेत सोडलं. गुरुजीनं उचलून आणलं त्याले घरी.”

मी तिला म्हटलं, आई, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. ती म्हणाली, “असं सारेच म्हणतीन.” आणि साक्षीला जवळ घेऊन तिचे पाय चोळत बसली. मी भाकरी केल्या. कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच चप्पल घालून उभी राहिली, म्हणाली, “माझं रक्त तपासायचं हाय.” आज निकाल आला. तिच्यातही अर्धा दोष आहे. बाबांमध्येही असणार, नाहीतर अंकुशला झालं नसतं.

आता तुला दिसतं ना, मी दोन पत्रांत काय लिहिलं नाही?

तुझ्यातही असू शकतो. नसण्यापेक्षा असण्याचीच शक्यता जास्त आहे. असला तरी तुला काही होणार नाही, तू धडधाकट आहेस, तसाच राहशील. प्रियामध्ये नसेल तर लेकरांनाही हा आजार होणार नाही. पण तिच्यातही असेल, तर प्रत्येक वेळी चारातला एक धोका साक्षीसारख्या लेकराचा. तुम्ही दोघं आत्ता तपासून घ्या. लग्नाआधी. डॉक्टर दोघांना बसवून सगळं समजावून सांगतात, गरोदरपणात काय करता येतं तेही सांगतात. दोघांत निघालं म्हणून लग्न करायचंच नाही असं मी म्हणत नाही. जे करायचं ते माहीत असून करा, एवढंच म्हणते. आम्हाला ती संधी नव्हती. आपण पत्रिका बघत नाही याचा बाबांना केवढा अभिमान होता, मलाही आहे. पण रक्त बघायला कुणी अडवलं होतं?

मला भीती वाटते, राजू. प्रियाच्या घरचे काय म्हणतील याची वाटते. तू मला म्हणशील की ताईने माझं लग्न मोडलं, याची तर रोज वाटते. प्रियाची साडी बघून मी फोनवर हसले होते आणि ठेवल्यावर घरी येऊन मोरीत बसले होते. पण त्या वळणावर काच वर घेऊन पोरीचा पुढचा श्वास मोजत बसणं काय असतं, ते मला माहीत आहे. तुझ्यावर किंवा त्या पोरीवर ती वेळ मी गप्प राहिल्यामुळे आली, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

हे पत्र प्रियाला वाचायला दे. तू सांगशील त्यापेक्षा तिने स्वतः वाचलेलं बरं.

आईने आत्ता विचारलं, काय लिहिलं? मी सगळं वाचून दाखवलं, तिच्याबद्दलचंही. वाटलं होतं ती ते खोडायला लावेल. तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “राहू दे. त्याले माहीत पाहिजे.” मग म्हणाली, लग्न मोडलं तर मोडू दे, पण दुसरा अंकुश नको. आणि हे तिच्या शब्दांत लिहायला सांगितलं आहे: “राजू, सुईले भेत असशीन तर सांग. मी गाडीनं येतो हैदराबादले. या खेपेले हात धरून मी दवाखान्यात नेतो तुले.”

ती खरंच येईल. बॅग खाली काढून ठेवली आहे.

उत्तराची वाट बघत, घाबरलेली,
तुझीच,
ताई